विचारा बाईंना : राणीच्या बागेतली राणी कोण?

गेल्या खेपेला कैलासपतीच्या फुलाबद्दल लिहिताना ओघात म्हटलं होतं की मुंबईत हे झाड बघायचं तर राणीच्या बागेत जा. झाड राहिलं बाजूला, पत्रं आली ती सगळी बागेवर. कैलासपतीबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नाही! तेव्हा या वेळी कुंड्या, खत, मावा-तुडतुडे सगळं बंद. आज फक्त राणीची बाग.

माझा अधिकार काय, तर चिंचपोकळीच्या चाळीतलं बालपण आणि परळच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बत्तीस वर्षं. दर हिवाळ्यात सातवीच्या पोरांची दोन-दोनची रांग लावून भायखळ्याला नेत असे. निघताना डोकी मोजायची, पोचल्यावर मोजायची, माकडांच्या पिंजऱ्यापाशी पुन्हा मोजायची. तिथे एखादं डोकं जास्तच भरायचं, कारण दुसऱ्या शाळेचं पोर आमच्यात घुसलेलं असायचं.

बाई, राणीच्या बागेतली राणी कोण? आजी म्हणते व्हिक्टोरिया. बाबा म्हणतात जिजामाता. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला झाशीची राणी. (इयत्ता सातवी, ठाणे)

आजीचं बरोबर आहे. बाबांचंही चुकलेलं नाही, कारण त्यांनी पाटी वाचून सांगितलंय. महापालिकेच्या कागदावर नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. हे एवढं नाव घेऊन बेस्टच्या कंडक्टरकडे तिकीट मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. इंग्लंडची राणी, म्हणून आपल्या लोकांनी तिला राणीची बाग केलं आणि विषय संपवला. ती राणी जन्मात कधी हिंदुस्थानात आली नाही, बागेत तर नाहीच.

वर्गातल्या त्या मुलाला मात्र हसू नकोस. झाशीची राणी इंग्रजांशी लढताना पडली १८५८ साली, म्हणजे बाग उघडायच्या चारच वर्षं आधी. तिच्या नावाने तेव्हा मुंबईत बाग काढायची छाती कुणाची होती? आता त्याला राणी म्हटल्यावर आधी ती आठवते, हे मला वाईट वाटत नाही. मी तुझ्याएवढी होते तेव्हा मला ती पत्त्यातली राणी वाटायची. इस्पिकची.

जाता जाता एक गंमत. आमच्या चाळीत सगळे ‘राणीचा बाग’ म्हणत. ‘चल, राणीच्या बागात जाऊ.’ शाळेत गेल्यावर ती ‘राणीची बाग’ झाली. मी दोन्ही म्हणते, ज्याच्याशी बोलतेय त्याप्रमाणे.

आमचे आजोबा सांगत की शिवडीच्या ख्रिश्चन स्मशानभूमीच्या जागी पूर्वी बाग होती आणि तीच उचलून भायखळ्याला नेली. हे खरं की चाळीतली गप? (लालबाग)

खरं. आणि या गोष्टीवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१८३० साली मुंबईत एक संस्था निघाली. नाव लांबलचक, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. शेती आणि बागायत सुधारणं हा उद्देश. सुधारणं म्हणजे काय, तर कुठली पिकं, कुठली झाडं इथे रुजतील आणि त्यातून व्यापाराला काय मिळेल, हे बघणं. साम्राज्याला फुलांची हौस असते, पण फुलांच्या मागे बहुतेक वेळा वखारीचा हिशेब असतो. कलकत्त्याची मोठी बागही अशीच कंपनीच्या गरजेतून उभी राहिली. या सोसायटीला १८३५ साली शिवडीला जागा मिळाली आणि तिथे वनस्पतींची बाग सुरू झाली.

त्या बागेच्या दिवसांतला माझा लाडका माणूस म्हणजे जॉन ग्रॅहॅम. पेशाने पोस्टातला, मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. दिवसा टपाल, उरलेल्या वेळात झाडं. मुंबईत आणि आसपास उगवणाऱ्या वनस्पतींची यादी त्याने करायला घेतली. ती १८३९ साली छापून झाली, पण पुरी झालेली त्याने पाहिली नाही. त्याच वर्षी तो खंडाळ्याला वारला आणि शेवटची पानं त्याचा मित्र जोसेफ निमो याने पार पाडली. आपल्याकडच्या झाडांचा अभ्यास करणारा माणूस आजही त्या यादीपाशी येऊन थांबतो. माझ्या वर्गात ‘मला पोस्टात नोकरी लागली, आता जीवशास्त्राचा काय उपयोग’ म्हणणारा एक मुलगा होता. त्याला मी ग्रॅहॅमची गोष्ट सांगितली होती. तो हसला. त्याला बहुधा पटलं नाही.

तर बाग शिवडीला नांदत होती. १८६१ च्या सुमारास ठरलं की ही जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी हवी. शहर वाढत होतं, पटकी-तापाने साहेब लोक पटापट जात होते, गावातल्या जुन्या दफनभूमी भरून गेल्या होत्या. मग बागेला म्हटलं, तुम्ही उठा. माझगावच्या माउंट इस्टेटमध्ये ३३ एकर जागा तिच्यासाठी तयार झाली आणि ती शिवडीहून भायखळ्याला आली. १८६५ पासून शिवडीला दफनभूमी झाली. बोरीबंदरचं स्टेशन ज्याने आखलं तो फ्रेडरिक स्टीव्हन्स तिथेच पुरलेला आहे.

एकदा तिथे जाऊन या. दफनभूमी असली तरी आत शिरल्यावर पहिल्यांदा झाडंच दिसतात.

सोसायटी पुढे १८७३ साली बंद पडली आणि बाग नगरपालिकेकडे आली. प्राणी आले त्यानंतर. १८९० मध्ये आणखी १५ एकर जोडून प्राणिसंग्रहालयाची सोय झाली आणि एकूण ४८ एकर झाले. म्हणजे आधी अठ्ठावीस वर्षं ही निव्वळ झाडांची बाग होती. पोरांना मी हे मुद्दाम सांगायची, कारण सगळे धावत सुटायचे ते हत्तीकडे. वाटेतला गोरखचिंच एवढा आडवा-तिडवा पसरलेला, तरी कुणाच्या डोळ्यांत भरायचा नाही.

तुम्ही नेहमी इंग्रजांना टोचता. पण बाग, संग्रहालय, रेल्वे हे त्यांनीच दिलं ना? निदान राणीच्या बागेपुरतं तरी त्यांचे आभार माना. (पुणे)

पुण्याचं पत्र, तेव्हा सूर ओळखीचा आहे. आभार मानायला माझी ना नाही, पण पावती कुणाच्या नावावर फाडायची ते आधी बघू.

बागेच्या आवारातलं संग्रहालय घ्या, आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. हे आधी किल्ल्यातल्या बराकीत होतं. १८५५ पासून तिथे शेतीमाल, खनिजं, कारागिरीचे नमुने मांडलेले असत. १८५७ चं बंड पेटलं, फौजेला बराक हवी झाली आणि लष्कराच्या हुकुमाने ते सगळं सामान बाहेर काढून टाकलं. उठवलेलं दुसरं बिऱ्हाड हे. शिवडीची बाग उठायच्या चार वर्षं आधी याची वेळ आली होती.

उरलंसुरलं सांभाळलं ते डॉ. जॉर्ज बर्डवुडने. हा जन्माने बेळगावचा. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत असे. झाडं आणि आपली हातकारागिरी दोन्हींवर त्याचं प्रेम होतं, ते मान्य करते. मात्र याच गृहस्थाने म्हातारपणी, १९१० साली, लंडनच्या सभेत जावामधल्या बुद्धमूर्तीबद्दल म्हटलं होतं की उकडलेलं पुडिंगही शांतीचं प्रतीक म्हणून तितकंच चालेल. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर जीव टाकणाऱ्या माणसाला मूर्तीत पुडिंग दिसलं. असतात माणसं अशी.

१८५८ मध्ये कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं. मग राणीच्या नावाने बाग आणि संग्रहालय उभारायची टूम निघाली, वर्गणी जमवायला समिती झाली. समितीत पुढे कोण? जगन्नाथ शंकरशेट, आपले नाना. आणि चिटणिसाचं काम बर्डवुडच्या जोडीने करणारे डॉ. भाऊ दाजी लाड. भाऊ मूळचे गोव्यातल्या पेडण्याकडचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, महारोगावर औषध शोधणारे, फावल्या वेळात जुने शिलालेख वाचणारे. फावला वेळ त्यांना कुठून मिळायचा, कोण जाणे.

पैसा दिला तो मुंबईच्या शेठ-सावकारांनी. पारशी, गुजराती, मराठी, बगदादी ज्यू. डेव्हिड ससून यांचं नाव तर दारातच भेटतं. संग्रहालयासमोरचा घड्याळाचा मनोरा त्यांचा, आतला प्रिन्स अल्बर्टचा पुतळा त्यांच्या देणगीचा, बागेच्या जमिनीतही त्यांच्या घराण्याचा हात.

आता हा पैसा यांच्याकडे कुठून आला? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या कोरड्या पडल्या आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पाऊस पडला. संग्रहालयाचा पाया घातला गेला तो या पावसात, बाग उघडली त्याच दिवशी, १९ नोव्हेंबर १८६२ ला, गव्हर्नर फ्रिअरच्या हातून. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस गडगडला, शेअर आणि बँका धडाधड बुडाल्या. रात्रीत लक्षाधीश झालेले सकाळी उघड्यावर आले. बांधकाम रखडलं. नाना त्याच वर्षी जुलैत गेले. डेव्हिड ससून त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. शेवटी सरकारने पुरं केलं आणि २ मे १८७२ ला संग्रहालय उघडलं. भाऊंनी ते पाहिलं, पण दोनच वर्षांनी, १८७४ ला तेही गेले.

म्हणजे हिशेब असा : नाव राणीचं, नकाशा साहेबाचा, सही गव्हर्नरची. खटपट आणि वर्गणी मुंबईकरांची, आणि वर्गणीच्या खाली कुठल्या तरी शेतात वेचलेला कापूस. वेचणारणीचं नाव कुठल्या संगमरवरी पाटीवर नाही. माझी आजी वऱ्हाडातली. तिने कापूस वेचलेला, तिच्या आईनेही. त्यामुळे हा मुद्दा मी तटस्थपणे मांडत नाहीये, हे तुम्ही समजून घ्यालच.

१९७५ साली संग्रहालयाला भाऊंचं नाव मिळालं. एकशे तीन वर्षांनी का होईना, पावती योग्य नावावर फाटली. रेल्वेबद्दल दुसरं पत्र लिहा.

संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती शिवकालीन आहे का? (पनवेल)

नाही, कितीतरी जुना. तो घारापुरीचा हत्ती. बेटावर उतरण्याच्या जागेजवळ उभा होता. पोर्तुगीज आले, त्यांना पहिल्यांदा तोच दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव ठेवलं. म्हणजे जगभर त्या लेण्यांना ज्याच्यामुळे नाव मिळालं, तो स्वतः तिथे नाहीच.

का नाही? १८६४ साली इंग्रजांच्या मनात आलं की हा हत्ती विलायतेला न्यावा. मान-डोकं तर त्याआधीच, १८१४ मध्ये, गळून पडलेलं. यारी लावून धूड उचलायला घेतलं आणि ते खाली आदळून तुकडे झाले. मग विलायतेचा बेत बारगळला. तुकडे व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणून टाकले. १९१४ साली ते पुन्हा जुळवून हत्ती उभा केला. जवळ जाऊन बघा, सांधे दिसतात. माझ्या एका विद्यार्थिनीने त्याच्या पायावर हात ठेवून विचारलं होतं, ‘बाई, याला प्लास्टर किती दिवस होतं?’ मी म्हटलं, पन्नास वर्षं.

न फुटता तर तो आज लंडनच्या एखाद्या दालनात थंडीत उभा असता. यारी चालवणाऱ्या त्या अनाम माणसाच्या हलगर्जीपणाबद्दल मी मनातून त्याची ऋणी आहे.

फोर्टमध्ये काळा घोडा शोधायला गेलो तर तिथे बिनस्वाराचा नवाच घोडा. जुना कुठे आहे? आणि संग्रहालयामागे खंडित राणी का आहे? (नागपूर)

जुना घोडा भायखळ्यात, राणीच्या बागेत! तुम्ही बोरीबंदरहून मागे वळून लोकल पकडली असती तर भेटला असता.

घोड्यावर बसलाय तो व्हिक्टोरियाचा मुलगा, पुढे सातवा एडवर्ड झाला तो. १८७५-७६ च्या हिवाळ्यात तो हिंदुस्थानात फिरून गेला, त्याची आठवण म्हणून डेव्हिडपुत्र अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा १८७९ साली शहराला दिला. घडवणारा जोसेफ बोहम. लोकांनी राजपुत्राकडे ढुंकून पाहिलं नाही. चौकाला नाव दिलं घोड्याचं, आणि तेही रंगावरून. १९६५ साली गोऱ्यांचे पुतळे रस्त्यांवरून काढले तेव्हा हाही उचलला. घोडा गेला, चौकाचं नाव राहिलं. बिनस्वाराचा नवा घोडा बसला २०१७ साली. स्वार वगळला हे बरंच झालं, तसाही तो कुणाच्या बोलण्यात नव्हताच.

आता राणी. हा पांढरा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबलने केलेला, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून. १८७२ पासून तो किल्ल्याच्या मैदानापाशी, तारघराजवळ, नक्षीदार छत्रीखाली सिंहासनावर बसलेला होता. १८९६ च्या ऑक्टोबरात एका सकाळी मुंबईने पाहिलं तर राणीच्या तोंडाला डांबर आणि गळ्यात खेटरांची माळ. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं, रसायनं लावून लावून घासलं, करणारा काही सापडला नाही. पुढच्या वर्षी २२ जूनच्या रात्री पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. दामोदर हरि चापेकर पकडला गेला, आणि त्याने तुरुंगात जे लिहून ठेवलं त्यात कळलं की डांबराचं कामही चापेकर बंधूंचंच. ती राणीही १९६५ मध्ये इथेच आली.

तिच्या आसपास आणखी मंडळी आहेत. कॉर्नवॉलिस आहे, वेलस्ली आहे, दोघेही कंपनीचे गव्हर्नर जनरल. कॉर्नवॉलिसची कथा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हा पूर्वी किल्ल्यात, आताच्या हॉर्निमन सर्कलच्या जागेवर, घुमटाखाली उभा होता. घुमट, खाली मूर्ती, म्हणजे देऊळच, असं समजून लोक त्याला फुलं वाहायचे. त्या जागेला नावच पडलं ‘छोटा देऊळ’. सरकारला ते आवरेना. ज्याने बंगालमध्ये जमीनदारी कायमची बसवली, त्याच्या पायाशी मुंबईतली बाई मूल होऊ दे म्हणून झेंडू ठेवतेय, असं काहीसं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. झेंडूचा भाग माझ्या मनाचा. आज त्याला फुलं वाहत नाही कुणी, पण बागेत असल्यामुळे पानं-फुलं आपोआप पडत असतात अंगावर.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. शिवडीहून उठवलेली बाग, बराकीतून काढलेलं संग्रहालय, बेटावरून आणलेला मोडका हत्ती, चौकातून हटवलेला घोडा, छत्री गमावलेली राणी. आमच्या चाळीच्या खोलीत दारावर एक माळा होता. जे टाकवत नाही आणि घरात ठेवायला जागा नाही, ते आई माळ्यावर टाकायची. मुंबईने भायखळ्याला तसा माळा काढला. फरक इतकाच की आमच्या माळ्यावर झुरळं होती, इथे वर कैलासपती फुलतो.

राणीच्या बागेत पेंग्विन हवेत की नकोत? एका शब्दात सांगा. (बोरिवली)

एका शब्दात : झाडं.

दोन वाक्यं जास्त द्या. २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यातला एक काही महिन्यांतच दगावला, आणि २०१७ पासून लोक त्यांना बघायला लोटले. मीही गेले, नातवाबरोबर, काचेला नाक लावून पाहिलं. पण त्याआधी, २००७ च्या सुमाराला, बागेचं परदेशी धर्तीचं प्राणिसंग्रहालय करायचा शेकडो कोटींचा आराखडा आला होता तेव्हा झाडांची यादी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या काही बायका आणि त्यांचे सोबती होते. तीन हजारांहून अधिक झाडं आहेत तिथे. त्या बायकांनी ती एकेक करून मोजली आणि लोकांना ओळखायला शिकवली. ग्रॅहॅमला त्या भेटल्या असत्या तर यादी वेळेत पुरी झाली असती.

नातवंडं अमेरिकेतून फेब्रुवारीत येतायत. राणीच्या बागेत कधी न्यावं, काय दाखवावं? प्राणी त्यांनी तिकडे चिकार पाहिलेत. (विलेपार्ले)

फेब्रुवारी म्हणजे उत्तम. बुधवार सोडून कुठलाही दिवस, बुधवारी बंद असते. सकाळी दार उघडताच आत शिरा. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. पोरांना टोप्या घाला, पाणी घ्या, आणि पहिल्या तासात पिंजऱ्यांकडे फिरकू नका.

गोरखचिंचेला मिठी मारायला लावा. दोघा-तिघांचे हात जोडूनही वेढा पुरा होणार नाही. हे आफ्रिकेचं झाड, पण इंग्रजांच्या कितीतरी आधी आपल्या किनाऱ्यावर आलेलं, बहुधा अरबांच्या गलबतांतून. मग कैलासपती. याचं घर दक्षिण अमेरिका. फुलात मधे पिंडी आणि वर नागाचा फणा दिसतो म्हणून आपण त्याला थेट महादेवाला देऊन टाकलं. फळं तोफेच्या गोळ्यांसारखी खोडालाच लटकतात, खाली उभं राहू देऊ नका. सीताअशोक दाखवा, म्हणजे रस्त्याकडेला उंच वाढतो तो अशोक खरा अशोक नव्हे, हे त्यांना कळेल. तुम्हालाही.

आणि मग माळ्याला विचारा, ‘उर्वशी कुठेय?’ मी पाटी शोधा म्हणत नाही. माळ्याला विचारा, तो हातातलं काम टाकून दाखवायला येतो. हे झाड ब्रह्मदेशातलं. १८२० च्या दशकात नॅथॅनिएल वॉलिक नावाचा वनस्पतितज्ज्ञ साल्विन नदीकाठी फिरत होता. तिथल्या एका गुहेत बुद्धमूर्तींपुढे मूठमूठ लाल फुलं वाहिलेली त्याला दिसली. फुलं आधी पाहिली, झाड नंतर सापडलं, एका मठाच्या बागेत. त्याने नाव दिलं गव्हर्नर जनरलच्या बायकोचं, लेडी अ‍ॅम्हर्स्टचं. बघा, इथेही एक बाईसाहेब. आपल्या लोकांनी पुन्हा तेच केलं, बाईसाहेबांना बाजूला सारून उर्वशी म्हटलं.

नवी पालवी तांबूस, मलूल, ओल्या फडक्यासारखी लोंबत असते. पोरं म्हणतील झाड आजारी आहे. नाही, ते तसंच असतं, हळूहळू ताठ होतं. फुलांचे घोस खाली झुंबरासारखे लटकतात, लाल पाकळीच्या टोकाशी पिवळा ठिपका. बी फार क्वचित धरतं, त्यामुळे रोप सहजी मिळत नाही. विकत मागायला जाऊ नका. मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा फसवली गेले आणि तिन्ही कुंड्यांत साधा अशोक आला.

फूल तोडू देऊ नका. खाली पडलेलं असेल तर एक उचलायला हरकत नाही, माळी काही म्हणत नाही. माझ्याकडे एक आहे, वहीत दाबून ठेवलेलं, शेवटच्या सहलीचं. रंग गेलाय, ठिपका अजून ओळखू येतो.